गोदूबाईचा गुडघा

आत्माराम घवाळी नापास झाला यात तसं विशेष काही नव्हतं. माणसं नापास होतात. पण आत्मारामने ज्या विषयावर प्रबंध लिहिला होता तो विषय होता, ‘फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या यशाची कारणे’. त्यासाठी मुंबईच्या कॉलेजात त्याने वर्षभर पोरापोरींना गाठून विचारलं होतं, की किती वाचता, किती झोपता, घरचं जेवता की मेसचं, घरून पाठिंबा आहे का. त्या उत्तरांवरून त्याने यशस्वी विद्यार्थ्याचं असं नेमकं चित्र काढलं, की मार्गदर्शक सर म्हणाले, असा विद्यार्थी त्यांना आयुष्यात भेटला नव्हता, पण लिहिलंय छान. प्रबंध मंजूर झाला आणि लिहिणारा प्रात्यक्षिकात आपटला. होस्टेलच्या पोरांना पुढे बरेच दिवस हसायला दुसरं काही लागलं नाही. आत्मारामही त्यांच्यात बसून हसायचा, कारण न हसता तिथे राहणं कठीण होतं.

आपटला तोही साधासुधा नाही. परीक्षेला त्याच्या वाट्याला गिरणीतून रिटायर झालेले संगमेश्वरकडचे एक आजोबा आले. परीक्षक बाई शेजारीच उभ्या, म्हणून आत्मारामने आजोबांना सगळं इंग्रजीत विचारलं. आजोबा भले माणूस. प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिले. आत्मारामने त्यांचा डावा गुडघा वाकवून, फिरवून, दाबून, मोजून पाहिला आणि त्यावर उत्तम इंग्रजीत व्याख्यान दिलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आजोबांना मराठीत विचारलं, आता कसं वाटतंय.

“डावा बरा हाय,” आजोबा म्हणाले. “डाव्याला कदी काय झालंच नव्हतं. दुकतो तो उजवा.”

फेरपरीक्षेपूर्वी आत्माराम रत्नागिरीला घरी आला. ह्या वेळी त्याने ठरवलं होतं, की निदान स्वतःच्या प्रबंधावर तरी विश्वास ठेवायचा. शांत जागा, पुरेशी झोप, घरचं जेवण आणि घरच्यांचा पाठिंबा. परटवणे भागातल्या उतारावरच्या त्यांच्या घरात हे सगळं मिळण्यासारखं होतं. मागच्या पडवीत टेबल, टेबलासमोर नारळीची झावळी, आणि आईच्या हातची उकड्या तांदळाची पेज. ह्या खेपेलाही नापास झालो तर पुन्हा बसण्याची ना हिंमत उरेल ना तोंड, हे त्याला कळत होतं.

वडील रावजी एस.टी.त कंट्रोलर होते. नोकरी संपली तरी आवाज संपला नव्हता. त्यांनी “पाणी” म्हटलं तरी शेजारची दोन घरं चिपळूण गाडी लागली असं समजून बाहेर बघायची. गुडघ्याची हकिकत ऐकल्यावर ते ओरडतील अशी आत्मारामची तयारी होती. पण रावजींनी फक्त एवढंच विचारलं, की म्हणजे पेशंटशी बोलायची सवय कमी पडली, असंच ना. आत्माराम म्हणाला, होय. मग रावजी बराच वेळ गप्प बसले. ह्या घरात ते पहिल्यांदाच घडत होतं. संध्याकाळी देवळाकडे फेरी मारून येतो म्हणून गेले ते पानं वाढून झाल्यावरच परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम पुस्तक उघडून बसतो तोच शेजारच्या गोदूबाई लंगडत आल्या. गोदूबाई साठीच्या, दणकट, आणि एरवी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन उतार चढताना वाटेत कोणाशीही भांडू शकतील अशा.

“गुडगा दुकतोय रे बाबा,” त्या पायरीवर बसत म्हणाल्या. “डावा हां. नीट बघ. डावा.”

आत्मारामला अभ्यास मोडल्याचा राग आला, पण काकींना नाही कसं म्हणायचं. त्याने खाली बसून गुडघा पाहिला. कुठे कळ येते, चढताना की उतरताना, रात्री ठणकतो का, सगळं विचारलं. गोदूबाईंनी प्रत्येक प्रश्नाला भरभरून उत्तर दिलं. एका कळीपासून सुरुवात करून त्या आपल्या बाळंतपणापर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. त्याने गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम शिकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई पुन्हा हजर. गुडघा एकदम बरा. देवाने हातच दिलाय पोराला, असं त्या अख्ख्या उताराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

आत्माराम चकित झाला. पुस्तकात ह्याच दुखण्याला महिनादीड महिना लिहिला होता.

मग केरू आला. तो बंदरावर हमाली करायचा आणि त्याची कंबर धरली होती. मग खालच्या घरातली सखू आली, तिची मान वळत नव्हती. मग सखूची जाऊ, मग जावेचा भाऊ. रावजींनी अंगणात उभं राहून रांग लावली. मधे घुसू नका, लहान मुलांना कडेवर घ्या, असा त्यांचा पुकारा चालू झाला. आई गंगा आतून चहा पाठवू लागली. आत्माराम ज्या शांततेसाठी इतक्या लांब आला होता ती रोज सकाळी पेशंटांच्या चपलांबरोबर अंगणाबाहेर राहू लागली.

तक्रार मात्र तो करेनासा झाला, कारण सगळे बरे होत होते. केरूची कंबर एका दिवसात सुटली. सखूची मान तर त्याने हात लावल्यावर तिथल्या तिथे वळली, आणि वळल्यावर तिने मागे बसलेल्या जावेकडे बघून असं काही हसू दाबलं, की ते आनंदाचंच असणार असं आत्मारामला वाटलं. आरशात बघताना तो आता स्वतःचे हात वर करून बघायचा. ह्या बोटांत काही तरी आहे, हे परीक्षकांना दिसलं नव्हतं, इतकंच. दुपारी पुस्तक उघडायचा, पण ज्याच्या हाताखाली मान आपोआप वळते त्याने मानेवरचं प्रकरण कशाला वाचायचं, असा प्रश्न पडून त्याला चांगली झोप लागायची. झोप हाही प्रबंधात घटक होताच.

एका सकाळी त्याने गोदूबाईंना विहिरीवरून येताना पाहिलं. आत्मारामवर नजर पडताच त्या लंगडू लागल्या. पण उजव्या पायाने.

त्याने लगेच अंगणात जाऊन त्यांना थांबवलं आणि समजावलं, की असं होतं. डावा पाय दुखला की माणूस नकळत सगळा भार उजव्यावर टाकतो, आणि मग उजवाही कुरकुरू लागतो. ह्याला शास्त्रीय कारण आहे. गोदूबाईंनी कळशी खाली ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून, सगळं ऐकलं.

“आसा का?” त्या म्हणाल्या. “मग दोनी दुकतात, आसा लिव.”

ह्या गर्दीत एक गोष्ट मात्र खरी घडत होती, आणि तीच आत्मारामच्या ध्यानात आली नाही. तो माणसांशी बोलायला शिकत होता. चमक वेगळी, कळ वेगळी, ठणका वेगळा. मुंग्या येणं आणि बधिर होणं एक नाही. सखूची जाऊ “भरून आलाय” म्हणाली की हात कुठे ठेवायचा, केरू “धरलीय” म्हणाला की आधी काय विचारायचं, हे त्याला न आठवताच कळू लागलं. उजवा की डावा हे तर पेशंटच तीनतीनदा सांगायचे.

गडबड झाली ती गोदूबाईंच्या जिभेमुळे. मासळीबाजारात बांगडे घेताना त्यांनी आत्मारामच्या हाताचं इतकं वर्णन केलं, की ते खाडीकाठच्या राजिवड्यापर्यंत पोचलं. तिथले जैनुद्दीन तांडेल, ज्यांनी सगळी उमर मासेमारीच्या मचव्यावर काढली होती, एक दिवस पांढरा सदरा घालून अंगणात येऊन उभे राहिले. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. सदरा घालायलासुद्धा नातीला हाक मारावी लागे.

त्यांना पाहून रावजी गडबडले. आज बघणं बंद आहे, सिव्हिल हॉस्पिटलात जावं, पोरगा अजून शिकतोय, असं ते खालच्या आवाजात सांगू लागले. रावजींचा खालचा आवाज म्हणजे पडवीत व्यवस्थित ऐकू आला. आत्माराम बाहेर आला आणि वडिलांवर वैतागला. दारात आलेला पेशंट परत पाठवायचा नाही, असं त्याने सगळ्या रांगेसमोर बजावलं. रांग जरा अस्वस्थ झाली. केरूने उगाच कंबरेवर हात ठेवला.

आत्मारामने खांदा तपासला, शेकवला, हलवला, व्यायाम सांगितला आणि उद्या फरक दिसेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी जैनुद्दीन आले. फरक नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. आत्मारामने विचारलं, की थोडा तरी.

“नाय,” जैनुद्दीन म्हणाले. “होता तसाच हाय. खोटं कशाला बोलू?”

तेव्हा रांगेतल्या बायका एकदम जमिनीकडे बघू लागल्या.

आत्मारामने सांगितलं, की इथे सगळे एका दिवसात बरे होतात. जैनुद्दीननी शांतपणे उत्तर दिलं, की हात चांगलाच असेल, त्यांचाच खांदा काही चांगला नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. रोज येत राहिले, आणि रोज तितक्याच शांतपणे नाही म्हणत राहिले. त्या ‘नाय’ने आत्मारामची दुपारची झोप गेली. त्याने खांद्यावरचं प्रकरण काढलं आणि तीनदा वाचलं. वाचताना त्याच्या लक्षात आलं, की आपण त्यांना जे करायला लावत होतो त्यातलं निम्मं उलटं होतं. मग त्याने नव्याने सुरुवात केली. पडवीच्या भिंतीसमोर उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर चढवायची. जिथपर्यंत पोचतील तिथे तो कोळशाने रेघ मारायचा. आईने होळीला सारवलेली भिंत खराब झाली. रेघ फार हळूहळू वर सरकत होती. परीक्षेला निघायच्या दिवशी जैनुद्दीनचा हात कानापर्यंत पोचत होता, त्याच्यावर नाही.

एस.टी.त बसताना आत्मारामला वाटत होतं, की आपण एवढ्या लोकांना बरं केलं आणि एका माणसासमोर हरून चाललोय.

परीक्षेत त्याच्यासमोर भायखळ्याला भाजी विकणाऱ्या एक बाई आल्या. खांदा आखडलेला. परीक्षक बाई त्याच. आत्माराम स्टूल ओढून भाजीवाल्या बाईंच्या जवळ बसला, दोन्ही हात पुढे करून आधी कुठला दुखतो हे दाखवायला सांगितलं, आणि मग मराठीतच विचारत गेला. टोपली उचलताना कळ येते की ठेवताना. वेणी घालता येते का. रात्री त्या कुशीवर झोप लागते का. बाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. किती दिवसांत बरं होईल, असं परीक्षकांनी विचारलं तेव्हा आत्माराम म्हणाला, की खूप वेळ लागेल, आणि रोज कंटाळा न करता करावं लागेल. परीक्षकांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मागच्या खेपेला हा मुलगा दहा मिनिटांत सगळं जग बरं करणार होता, असं त्या दुसऱ्या परीक्षकांना म्हणाल्याचं त्याने जाताना ऐकलं.

आत्माराम पास झाला. नुसता पास नव्हे, तर मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला नोकरी देऊ केली गेली. ती त्याने नाकारली. त्याने सांगितलं, की रत्नागिरीत त्याचे पेशंट वाट बघतायत. सर म्हणाले, जपून. आत्मारामला वाटलं, सरांना आपला हेवा वाटतोय.

घरी आल्यावर पेढे वाटले, आईने नारळ वाढवला. नोकरी सोडल्याचं ऐकून रावजींनी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. मुंबईची नोकरी अशी टाकू नये, पेशंट म्हणजे काय, आज असतात, उद्या नसतात, असं ते चार दिवस वेगवेगळ्या वाटांनी सांगत राहिले. बाबांची ही जुन्या पिढीची भीती आहे, असं समजून आत्मारामने एस.टी. स्टँडजवळ वाण्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. सुताराकडून फणसाच्या लाकडाचं भक्कम टेबल करून घेतलं. पाटी रंगवून घेतली. पहिल्या दिवशी जिन्यात गर्दी होऊ नये म्हणून त्याने दोन बाकं वाण्याच्या फळीजवळ ठेवली.

त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एकजण आला, तो वाण्याकडे गूळ मागायला आला होता आणि जिना चुकला होता. आठवडाभर आत्माराम आंब्याच्या हंगामाला दोष देत राहिला. लोक बागांत असतील, पेट्या भरत असतील. मग एका दुपारी जैनुद्दीन आले. आत्माराम धावत जिन्यात गेला. जैनुद्दीननी उजवा हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवला, त्याच हाताने घरून आणलेले सुके बोंबील त्याच्या हातात दिले, दुवा दिल्या आणि गेले. आत्मारामला खरा आनंद झाला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आता आपल्याकडे एकही पेशंट नाही.

संध्याकाळी घरी चढताना त्याला गोदूबाई भेटल्या. डोक्यावर कळशी, पावलं झपझप. त्याने विचारलं, की काकी, दवाखान्यात का येत नाही, गुडघा कसा आहे.

“आता कशाला रे?” गोदूबाई म्हणाल्या. “तू पास झालास ना?”

आत्माराम तिथेच उभा राहिला. त्या निवांतपणे सांगू लागल्या, की रावजी त्या संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर उभे राहिले होते. पोराला पेशंटशी बोलायची सवय नाही, म्हणून नापास झाला, जरा मदत करा, म्हणाले होते. कोणाला काय दुखायचं हे तिथेच ठरलं. केरूला खरं तर खांदा हवा होता, पण गोदूबाईंनी त्याला कंबर दिली, हमालाला कंबर शोभते म्हणून. सखूला हसू आवरत नाही, म्हणून तिला मान दिली, म्हणजे तोंड फिरवता येईल.

“आमाला काय कमी तरास झाला?” त्या म्हणाल्या. “माजा पाय कुटला, त्ये माज्याच ध्येनात रायचा नाय. पन तू बरा सावरून घेतलास.”

आत्मारामला आपलं ते शास्त्रीय कारण शब्दन्‌शब्द आठवलं. विहिरीच्या वाटेवर, कळशीसमोर उभं राहून दिलेलं. त्याला जमिनीत जावंसं वाटलं. मग त्याला राग आला, आणि तो तसाच घरात शिरला. पण रावजी ओटीवर इतके लहान होऊन बसले होते, की राग काढायला जागाच उरली नाही. त्यांनी सांगितलं, की खूपदा कबूल करायचं मनात आलं, पण तू हात वर करून आरशात बघायचास, ते बघून जीभ उचलली नाही.

आत्माराम हसू लागला. होस्टेलमध्ये हसायचा तसा नाही. एवढा प्रबंध लिहिला, झोप मोजली, जेवण मोजलं, पण अख्खा उतार एका नापास पोरासाठी महिनाभर लंगडेल, हे त्याने कोणालाही विचारलं नव्हतं. आईने पानं घेतली. जेवताना त्याने मुंबईला पत्र टाकायचं ठरवलं. उत्तर आठवड्याने आलं. जागा भरली होती.

दुसऱ्याच दिवशी रावजी न सांगता एस.टी. स्टँडजवळच्या खोलीवर गेले. भाडं फुकट जातंय, तर निदान टेबल घरी नेऊन अंगणात लावू, ओळखीची माणसं तरी येतील, असा त्यांचा हिशेब होता. आत्माराम जिना चढून वर आला तेव्हा रावजी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून अर्धे वाकलेले होते. ना खाली, ना वर.

“बाबा, सोडा आता,” आत्माराम म्हणाला. “पुरे झालं नाटक.”

रावजींच्या कपाळावर घाम होता. त्यांना मान वर करता येत नव्हती, म्हणून ते टेबलाशीच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नाही.

“नाटक नाय रे. चमक भरलीय.”

“खरंच?”

“खरंच.”

आत्मारामने दाराला कडी न लावता ते सताड उघडं ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि बापाला हळूच त्या नव्या टेबलावर आडवं केलं. कुठे, केव्हापासून, पायात उतरते का, खोकल्यावर वाढते का, असं तो एकामागून एक विचारत गेला. रावजी कण्हत उत्तरं देत होते. एवढ्या कळीतसुद्धा त्यांना पोराच्या तोंडावरचा आनंद स्पष्ट दिसत होता, आणि तो लपवायचा त्याचा प्रयत्न काही केल्या जमत नव्हता.